बाळंतिणीला झटका आला म्हणजे फेफरे नव्हे

मागच्या पंधरवड्यात या सदराच्या पत्त्यावर एक पत्र आले. दुरेघी वहीच्या पानावर, सुवाच्य अक्षरात लिहिलेले. लिहिणारे गृहस्थ शेतकरी आहेत. त्यांच्या संमतीने, गावाचे नाव गाळून, पत्राचा मुख्य भाग येथे देते.

"डॉक्टरीणबाईंना सा. न. वि. वि. आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. दवाखान्यात बाळंतपण सुखरूप झाले. तिसऱ्या दिवशी घरी आणली. पाचवीच्या दिवशी सकाळपासून डोके दुखते म्हणत होती. मंडळींनी सुंठ उगाळून कपाळाला लावली. दुपारी एकदा उलटी झाली, पित्त असेल म्हणालो. रात्री पूजा आटोपली आणि तिला झटका आला. डोळे पांढरे, तोंडाला फेस. जमलेल्या बायका म्हणाल्या, सटवाईच्या पूजेत काहीतरी चुकले. जिल्ह्याला नेईपर्यंत वाटेत आणखी एक झटका आला. आता चार महिने झाले. मुलगी आणि नातू ठणठणीत आहेत. पण सासरची मंडळी न्यायला येत नाहीत. मुलीला फेफरे होते, ते लपवून तुम्ही लग्न लावून दिले, असे जावईबापूंच्या चुलत्यांचे म्हणणे आहे. आमच्या घरात कधी कुणाला फेफरे आले नाही. तिला खरेच फेफरे आहे का? तिला दुसरे मूल होऊ द्यावे का? आपण सदरात लिहिलेत तर कात्रण पाठवता येईल."

कात्रण पाठवायचे आहे, तेव्हा उत्तर आधीच लिहून टाकते. पत्रासोबत रुग्णालयातून घरी सोडतानाच्या कागदाची झेरॉक्स होती. त्यावर दाखल करतेवेळचा रक्तदाब १७०/११० असा आहे, लघवीत प्रथिने सापडल्याची नोंद आहे आणि निदानाच्या जागी 'प्रसूतीनंतरचा एक्लम्प्सिया' असे लिहिले आहे. याचा अर्थ, या मुलीला आलेले झटके फेफऱ्याचे नव्हेत. लग्नाच्या वेळी लपवण्यासारखे काही नव्हतेच, कारण हा आजार गरोदरपणाआधी असू शकत नाही. तो गरोदरपणातूनच निघतो, आणि मेंदूवर त्याचा घाला पडला की झटके येतात. रक्तदाब उतरला, चार-सहा आठवडे उलटले, की बहुतेक स्त्रियांमध्ये तो झटक्यांसह निघून जातो. फेफऱ्याच्या रुग्णाप्रमाणे वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. आणि जाता जाता हेही सांगते, की फेफरे असते तरी त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला आड येणाऱ्या कारणांत पूर्वी फेफऱ्याचा उल्लेख होता. तो १९९९ मध्ये काढून टाकण्यात आला आहे.

आता हे होते कसे, ते पाहू.

गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वार गर्भपिशवीत रुजते. तिला रक्त पुरवणाऱ्या गर्भपिशवीतल्या बारीक धमन्या या काळात रुंद आणि सैल व्हायला हव्यात. काही स्त्रियांमध्ये त्या पुरेशा रुंदावत नाहीत. वारेला रक्त कमी पडते आणि अशा उपाशी वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात. ती शरीरभरच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागतात, यकृताला सूज येते. हा प्रकार बहुधा पाच महिने, म्हणजे वीस आठवडे उलटल्यानंतर दिसू लागतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला आणि चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर रक्तदाब वाढला असे आम्ही धरतो. त्याच्या जोडीला लघवीत प्रथिने किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांना त्रास झाल्याच्या खुणा असल्या तर त्याला प्रीएक्लम्प्सिया म्हणतात. पुढची पायरी एक्लम्प्सिया, म्हणजे झटके. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ लख्खकन चमकणे असा आहे. ज्याने हा झटका पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

मेंदूत काय होते ते शेतकऱ्याला चटकन कळेल. पाटाला पाणी कमी येवो की जास्त, दारे कमी-अधिक उघडून वाफ्यात बेताचेच पाणी सोडता येते. मेंदूच्या धमन्या हेच करतात. शरीरातला रक्तदाब वर-खाली झाला तरी त्या आकसून किंवा सैल होऊन मेंदूला पुरवठा एकसारखा ठेवतात. पण पाटाला एकदम लोंढा आला तर दारे धरत नाहीत. शिवाय या आजारात वाहिन्यांचे अस्तर आधीच कमजोर झालेले असते. मग रक्तातले पाणी वाहिनीच्या भिंतीतून झिरपून आजूबाजूला साठते आणि मेंदूला सूज येते. ती बहुतेक वेळा मेंदूच्या मागच्या भागात जास्त असते, कारण तिथल्या धमन्यांवर दाब सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा पहारा विरळ असतो. डोळ्यांनी घेतलेले चित्र 'पाहण्याचे' काम हाच मागचा भाग करतो. म्हणून झटका येण्याआधी बाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधारी येते, एकाची दोन माणसे दिसतात. क्वचित दोन्ही डोळ्यांनी दिसणेच बंद होते, आणि डोळे तपासावेत तर बहुधा निर्दोष.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्यात माझी चूक होती. १९९३ साल. शिक्षण संपवून मी तालुक्याच्या गावी नुकतीच काम करू लागले होते. एका बाईचे पहिले बाळंतपण मीच केले. नऊ महिने रक्तदाब व्यवस्थित. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी तिची आई तिला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आली. "डोकं ठणकतंय म्हणते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही." माझ्यापुढे चाळीस जणींची रांग होती. बाळ रात्री रडत असेल, झोप झाली नसेल, असे म्हणून मी पॅरासिटामॉल लिहून दिली. रक्तदाब मोजायचे यंत्र टेबलावरच होते. मोजला नाही. नऊ महिने नीट होता, आता बाळंतपणही झाले, मग कशाला, असा माझा हिशोब.

त्याच रात्री तिला बैलगाडीतून आणले. तीन झटके येऊन गेले होते, जीभ चावली गेली होती. रक्तदाब १८०/११०. आमच्याकडे त्या वेळी डायझेपाम होते, ते दिले, रक्तदाब उतरवला, रात्रभर मी आणि सिस्टर उशाशी बसून राहिलो. सकाळी ती शुद्धीवर आली आणि म्हणाली, "दिवे का घालवलेत?" खिडकीतून ऊन आत येत होते. पुढचे दोन दिवस ती बाळाला हातांनी चाचपून पाजत होती. तिसऱ्या दिवशी राउंडला गेले तर म्हणाली, "डॉक्टर, झबलं पिवळं आहे ना?" पिवळेच होते. आठवड्यात तिची नजर पूर्ण परत आली.

तिला नेमके काय झाले होते याचा उलगडा मला तीन वर्षांनी झाला. १९९६ मध्ये बोस्टन आणि पॅरिस येथील डॉक्टरांनी १५ रुग्णांचा एक लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. डोकेदुखी, झटके, दृष्टी जाणे आणि मेंदूच्या मागच्या भागात सूज, अशी ही कहाणी. त्यांत एक्लम्प्सियाच्या स्त्रियाही होत्या. कारण वेळीच दूर केले तर ही सूज मागे हटते, हे त्यांनी दाखवले. आज या विकाराला 'प्रेस' या आद्याक्षरांच्या नावाने ओळखतात आणि एमआरआयमध्ये तो स्पष्ट दिसतो. एक्लम्प्सियाच्या बहुतेक स्त्रियांत तो असतो असे आता म्हणता येते.

सूज मागे हटते, हे खरे. पण पाण्याच्या ऐवजी भिंतच फुटली तर मेंदूत रक्तस्राव होतो, आणि या आजाराने दगावणाऱ्या मातांमध्ये मृत्यूचे मोठे कारण हेच. तेव्हा कोणता आकडा जास्त धोक्याचा? आमच्या शिक्षणात सगळा भर खालच्या आकड्यावर असे. तो ११० झाला की आम्ही धावपळ करायचो. अमेरिकेत २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र प्रीएक्लम्प्सियामध्ये पक्षाघाताचा झटका आलेल्या २८ स्त्रियांची त्यात पाहणी होती. ज्यांचा आधीचा रक्तदाब नोंदलेला होता त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचा वरचा आकडा १६० च्या पुढे होता, खालचा आकडा ११० पर्यंत मात्र फार थोड्यांचाच गेला होता. तेव्हापासून वरचा आकडा १६० झाला की तासाभराच्या आत औषध सुरू व्हावे, हा दंडक जगभर मानला जातो. 'खालचा तर ठीक आहे' असे कुणी म्हणाले तर समाधान मानू नका.

तिसरा एक प्रकार आहे, तो बाळंतिणीत जास्त दिसतो. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होणे. बाळंतपणानंतर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून रक्ताची गोठण्याची शक्ती निसर्गतःच वाढलेली असते. त्यात अंगात पाणी कमी पडले की गुठळी व्हायला निमित्त मिळते. आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीला पाणी बेतानेच देतात. पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, अशी त्यामागची समजूत. खोली बंद, खाली शेगडी, अंगावर घाम, दिवसाकाठी दोन-तीन पेले पाणी. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर जरूर द्या, माझी त्याला मुळीच हरकत नाही. पण पाणी तोडू नका. या गुठळीत डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाते, उलट्या होतात, एखादा हात किंवा पाय लुळा पडतो, झटकाही येतो, आणि रक्तदाब साधाच असू शकतो. म्हणून रक्तदाब नॉर्मल आला तरी वाढत चाललेली डोकेदुखी सोडून द्यायची नाही. मेंदूच्या शिरांचा एमआरआय करून निदान होते आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी बहुतेक जणी बऱ्या होतात.

सिझेरियन झालेल्या बाईचे डोके दुखले की 'पाठीत भुलीचे इंजेक्शन दिले होते ना' हे उत्तर तयार असते. ते खरेही असू शकते. त्या डोकेदुखीची खूण अशी, की उठून बसले की दुखते आणि आडवे झाले की थांबते. तरीही रक्तदाब एकदा मोजलाच पाहिजे. मोजायला दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे न दिल्याची किंमत मला ठाऊक आहे.

आता आपल्या घरोघरच्या 'पित्ता'विषयी. डोके दुखते, मळमळते, उलटी होते, छातीखाली जळजळते. ही चार लक्षणे सांगितली की मराठी घरात निदान होते पित्ताचे आणि कोकमाचे सरबत किंवा सुंठसाखर पुढे येते. एरवी ते ठीक असेल. पण मेंदूवर आणि यकृतावर चढत चाललेल्या रक्तदाबाचीही नेमकी हीच चार लक्षणे आहेत. छातीखाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे म्हणजे यकृताला सूज येऊन त्याचे आवरण ताणले जात आहे असा अर्थ असू शकतो. पाचव्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यापर्यंत 'पित्त' हा शब्द रक्तदाब मोजल्याशिवाय उच्चारू नये, असे मी सगळ्या सासवांना आणि आयांना सांगत असते. हसतात, पण काही जणी ऐकतात.

पायांच्या सुजेने लोक फार घाबरतात. नुसती पायांची सूज बहुतेक गरोदर स्त्रियांना येतेच. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसतो, अंगठी निघत नाही, बांगड्या रुतू लागतात, आठवड्यात वजन झपाट्याने वाढते, तर मात्र तपासायला या. आणि बाईला अळणी जेवायला घालून हा आजार टळत नाही. उगाच बिचारीचे अन्न तुटते.

लघवीची तपासणी कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील जॉन लिव्हर या डॉक्टरांनी १८४३ मध्ये झटके येणाऱ्या गरोदर स्त्रियांची लघवी तापवून पाहिली. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळली. तोवर हे झटके म्हणजे फेफऱ्याचाच प्रकार असा समज होता. लिव्हर यांच्या निरीक्षणाने हा काहीतरी वेगळा आजार आहे हे उघड झाले. म्हणजे जावईबापूंच्या चुलत्यांचा आक्षेप विज्ञानाने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. आता कागदी पट्टी बुडवली की मिनिटभरात कळते, आणि ती उपकेंद्रातही असते.

औषधाची गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण तिची भीती बाळगणारे नातेवाईक मला दर महिन्याला भेटतात. झटके थांबवायला आम्ही पूर्वी अनेक औषधे वापरत असू. मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये तीन गुंगीच्या औषधांचे मिश्रण प्रचारात आणले, ते भारतात बरीच वर्षे चालले. डायझेपाम होते, फेनिटॉइन होते. दुसरीकडे अमेरिकेत डॅलस येथील प्रिचर्ड यांनी मॅग्नेशियम सल्फेटचा आग्रह धरला होता. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे जुलाबासाठी देतात ते एप्सम सॉल्ट, फक्त शुद्ध करून इंजेक्शनच्या रूपात. इतकी स्वस्त गोष्ट कशी चालेल, अशी शंका बड्या बड्या डॉक्टरांना होती. अखेर भारतासह अनेक देशांत सुमारे १७०० स्त्रियांवर तुलना केली गेली आणि १९९५ मध्ये निकाल आला. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण मॅग्नेशियम दिलेल्यांत डायझेपामपेक्षा निम्म्याने आणि फेनिटॉइनपेक्षा दोनतृतीयांशाने कमी होते. वाद मिटला. पुढे २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, झटका येण्याआधीच ते दिले तर झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो हेही सिद्ध झाले. आपल्या सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आपल्याकडच्या कमी वजनाच्या स्त्रियांसाठी कमी मात्रेची पद्धत मांडली. तिची चर्चा महाराष्ट्राबाहेरही झाली.

इंजेक्शन दिल्यावर अंगात आग झाल्यासारखे वाटते, कमरेत दुखते. 'पोरीला कसले जहाल औषध दिले' म्हणून नातेवाईक चिडतात. आग क्षणभराची असते. आम्ही दर थोड्या वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून पाहतो, श्वास मोजतो, लघवी किती झाली ते मोजतो. हा वेळकाढूपणा नव्हे. औषध जास्त झाले तर आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो आणि मग श्वास मंदावतो. त्याआधीच आम्हाला ते ओळखायचे असते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलेले असते. सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरही पहिला डोस देऊन रुग्णाला पुढे पाठवू शकतात: एकूण दहा ग्रॅम, दोन्ही बाजूंच्या कमरेत पाच-पाच. सिस्टर हे इंजेक्शन देऊ लागल्या तर त्यांना अडवून 'आधी मोठ्या दवाखान्यात नेतो' म्हणू नका. दोन तासांच्या रस्त्यावर येणारा पुढचा झटका त्या इंजेक्शनने टळू शकतो.

घरात झटका आलाच तर काय करायचे? बाईला डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे फेस आणि उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. जवळची विळी, शेगडी, खाटेचा कोपरा दूर करा. दातांत चमचा घालू नका, दातखिळी उघडायला जाऊ नका, पाणी पाजू नका. कांदा आणि चप्पल ही दोन्ही आपापल्या जागी राहू द्यात. झटका साधारण मिनिटभरात थांबतो. तोवर कुणीतरी १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. फोनवर 'गरोदर बाईला झटका' किंवा 'बाळंतिणीला झटका' एवढे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण गाडीत बसल्यावर.

मेंदूचा फोटो प्रत्येकीला लागतो असे नाही. मॅग्नेशियम देऊनही झटके थांबत नसतील, शुद्ध येत नसेल, हात-पाय लुळा पडला असेल किंवा प्रसूतीनंतर दोन दिवस उलटल्यावर पहिला झटका आला असेल, तर मात्र स्कॅन टाळू नये. पत्रातल्या मुलीचा स्कॅन झाला आहे आणि त्यात रक्तस्राव नाही, असे कागदावर दिसते.

लोकांना सर्वांत नवल वाटते ते याचे, की बाळंतपण झाल्यावरही हा आजार कसा होतो. वार पडली की मूळ कारण गेले, हे बरोबर आहे. पण त्याने केलेली इजा भरून यायला वेळ लागतो. शिवाय गरोदरपणात अंगात साठलेले पाणी पहिल्या आठवड्यात रक्तात परत येते, त्यामुळे प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत रक्तदाब सर्वांत वर जातो. नेमकी याच दिवसांत बाई दवाखान्यातून घरी आलेली असते आणि सव्वा महिना घराबाहेर न पडण्याचा दंडक सुरू झालेला असतो. पाचवीच्या रात्रीच झटका का, याचे उत्तर सटवाईपाशी नाही, ते या चढत्या आकड्यांत आहे. ज्यांना गरोदरपणात रक्तदाबाचा थोडाही त्रास होता त्यांचा रक्तदाब घरी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजलाच पाहिजे. बाई बाहेर पडत नसेल तर आशाताईंना सांगून सिस्टरना घरी बोलवा.

आपल्या चालीरीतींतली आणखी एक गोष्ट इथे आड येते. पहिले बाळंतपण माहेरी. ओटीभरण झाले की सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, म्हणजे रक्तदाब चढण्याचा काळ सुरू होतो तेव्हाच तिचा दवाखाना बदलतो. साडी-चोळी बरोबर जाते, तपासणीचे कार्ड सासरच्या कपाटात राहते. नव्या डॉक्टरांपुढे १३०/८४ हा आकडा येतो आणि ते म्हणतात, ठीक आहे. चौथ्या महिन्यात तो १००/६० होता हे कळले असते तर त्यांनी आठवड्याने पुन्हा बोलावले असते. कार्ड पिशवीत पहिले ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. माहेरी पोचल्यावर येणारी पहिली ९ तारीख चुकवू नका.

आता दुसऱ्या मुलाविषयी. होऊ द्यायला हरकत नाही, पण घाईने नको. रक्तदाबाचा त्रास पुढच्या खेपेला साधारण सहापैकी एकीला पुन्हा होतो; झटके पुन्हा येण्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आहे. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना या वेळची हकीकत सांगा. बाराव्या आठवड्यापासून रोज कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली तर धोका कमी होतो. ही गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू करायची असते, म्हणून पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला जाऊन चालणार नाही. कॅल्शियमच्या गोळ्याही न चुकता घ्याव्यात. आपल्या गरीब घरांतल्या आहारात कॅल्शियम कमी असते आणि ते भरून काढल्याने हा आजार कमी होतो. मुलीच्या सख्ख्या बहिणीलाही दिवस राहिले तर ही हकीकत डॉक्टरांच्या कानावर घालावी, कारण आईला किंवा बहिणीला त्रास झालेला असेल तर धोका वाढतो. आणि हा त्रास ज्यांना होऊन गेला त्यांना पुढे उतारवयात हृदयविकार व पक्षाघात होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब मोजत राहायचा.

पत्रलेखकांना एक विनंती. तुम्ही पाठवलेल्या कागदावर मुलीचा चार महिन्यांपूर्वीचा रक्तदाब आहे, आजचा नाही. तीन महिने उलटूनही तो १४०/९० च्या वर राहिला असेल तर त्याची वेगळी तपासणी करावी लागेल. जवळच्या आरोग्य केंद्रात तिला पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब मोजून घ्या आणि मला कळवा. कात्रण पाठवाल तेव्हा सोबत रुग्णालयाच्या कागदाची झेरॉक्स जोडा. जावईबापूंना आणि त्यांच्या चुलत्यांना प्रत्यक्ष विचारायचे असेल तर दोघांनाही घेऊन या. गुरुवारी दुपारी मी सवडीने भेटू शकते.